शेवटच्या पानावरची विहीर

"वैनी, हार दादासायबांच्या घरी जाऊन घालायचा, का थेट मळ्यात इहिरीवर?"

मी नदीवरून पाण्याची कळशी घेऊन परतत होते. घराच्या पायरीवर पाऊल ठेवण्याआधीच रखमाबाईनं मला गाठलं. तिच्यामागं कुंभारआळीतल्या आठ-दहा बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात नारळ, एकीच्या हातात जास्वंदीचा टपोरा हार, आणि रखमाबाईच्या हातात आमचाच 'करंजखेड समाचार', तोही उलटा धरलेला.

"कसला हार?" मी विचारलं.

"आवं, तुमच्याच पेपरात आलंय न्हवं? चहाच्या दुकानात मास्तर वाचत होतं. पर बाई, म्हटलं तुमच्या तोंडून ऐकावं. मग इस्वास बसंल."

कळशी खाली ठेवायची सोय नव्हती. ते देवाचं पाणी. रोज नदीचं पाणी आणून घरातल्या महादेवावर घालायचं आणि मगच चहाचा घोट घ्यायचा, असा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. मग रखमाबाईनं पेपर सुलटा करून माझ्या डोळ्यांपुढं धरला आणि मी कळशी कमरेवर सावरत शेवटचं पान मोठ्यानं वाचू लागले.

'विहीर सर्वांस खुली. येथील नगराध्यक्ष श्री. दादासाहेब रणनवरे यांनी आपल्या मळ्यातील विहीर आपल्या मातोश्री कै. चंद्रभागाबाई यांच्या स्मरणार्थ कुंभारआळीतील रहिवाशांस पाणी भरण्यासाठी खुली करण्याचे ठरविले आहे. रंगपंचमीस सकाळी आठ वाजता श्री. रणनवरे स्वहस्ते पहिली घागर काढतील.'

रंगपंचमी म्हणजे उद्याच. बायकांच्यात एकदम कुजबुज उठली. रखमाबाईनं डोक्यावरची चुंबळ काढली, हातात धरली आणि आभाळाकडं बघून म्हणाली, "चंद्रभागाबाई... माजी सासू सांगायची, ती माऊली होती तंवर हितं कुनाला आडकाठी न्हवती."

आणि मी? मी ती बातमी पुन्हा मनातल्या मनात वाचली. कारण ही बातमी मी आधी ऐकलेली होती, आणि ती बातमी नव्हती.

आमच्या घराच्या पुढच्या भागात छापखाना होता. मामंजी म्हणजे संपादक. सगळं गाव त्यांना अण्णा टेंबे म्हणायचं. आमचे हे मशीन चालवायचे आणि जिवाजी शेलार खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा. मामंजी पेपरच्या बाबतीत सोवळ्यातल्या माणसासारखे कडक. काना-मात्रेची चूक राहिली तरी त्यांना जेवण जायचं नाही. चूक झालीच, तर पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच जागी खुलासा छापायचा, हा त्यांचा रिवाज.

पण वर्षातून एकदा, शिमग्याला, ते डोळेझाक करायचे. हे आणि जिवाजी मिळून एक चेष्टेचं पान जुळवायचे. गावातल्या बड्या माणसांच्या उलट्या बातम्या. चिक्कू सावकारानं गावजेवण घातलं, भांडखोर वकिलानं मौन धरलं, असलं काहीतरी. त्याची एकच प्रत काढायची, धुळवडीला मशीनच्या खोलीत भिंतीला चिकटवायची, हसून घ्यायचं, आणि खिळे परत आपापल्या खणात. त्या पानात जरा आंबटशौकही असायचा, म्हणून घरातल्या बायकांनी ते वाचायचं नाही. पण मी चहा घेऊन गेले तेव्हा जिवाजी हातवारे करत मोठ्यानं वाचत होता. दादासाहेब विहीर खुली करणार आणि स्वतः घागर ओढणार, एवढं मी दारातून ऐकलं होतं. हे तर पोट धरून खाली बसले होते.

कारण दादासाहेबांनी ती विहीर कुणाला देणं म्हणजे मांजरानं दुधाची राखण करण्यातलं होतं. आई गेली, त्यांनी विहिरीवर इंजिन बसवलं, भाजीचा मळा केला आणि कुंभारआळीकडच्या फाटकाला कुलूप घातलं. कुंभारआळी टेकडीवर. बायका मळ्याच्या कुंपणाला वळसा घालून नदीवर उतरायच्या आणि भरल्या घागरी घेऊन टेकडी चढायच्या. मी रोज एक कळशी आणायची, तर घरी येईतो मला धाप लागायची. त्या वर्षी संक्रांतीला रखमाबाईनं मला सुगडं दिली तीही मोजकीच. म्हणाली, "प्यायाला न्हाई, तर चिखल कशात भिजवू वैनी?"

त्याच सुगडांवर हळदकुंकू वाहताना मी एक नवा नेम धरला होता. वर्षभर खोटं बोलायचं नाही. कुणी गोड सोडतं, कुणी रोज फुलवात लावतं, मी म्हटलं आपण हे करावं. आणि पहिल्याच आठवड्यात पस्तावले. शेजारच्या काकूंनी "माझी पुरणपोळी कशी झाली?" असं विचारलं, तेव्हापासून त्यांनी आमच्याकडं पोळी पाठवणंच बंद केलं. पण गावात मात्र बोलबाला झाला. बायका भांडण तोडायला मला बोलावू लागल्या.

आणि आता त्याच तोंडानं मी शिमग्याची थट्टा खरी म्हणून वाचून दाखवली होती.

"वैनी, गप का?" रखमाबाईनं विचारलं.

"देवाचं पाणी आहे ना," मी म्हटलं. तेही खरंच होतं. "तुम्ही घरी जाऊन हार घाला. आत्ता ते घरीच असतील."

बायका हलगीवाल्याला हाक मारत निघून गेल्या. मी महादेवावर पाणी घातलं, पण त्या दिवशी माझं लक्ष पिंडीवर नव्हतं. त्याला म्हटलं, बाबा रे, माझा नेम राहिला की मोडला, ते तूच बघ.

छापखान्यात रणधुमाळी चालली होती.

"मी नाही लावली," हे म्हणत होते. "सर्कसवाल्यांची जाहिरात रद्द झाली, शेवटच्या पानाला भोक पडलं, एवढंच मला ठाऊक. मी जेवायला गेलो. परत आलो तेव्हा भोक बुजलेलं होतं. मला वाटलं, जिवाजीनं काहीतरी बसवलं."

"आन् मला वाटलं तुमी बसवलं," जिवाजी म्हणाला. "मीबी जेवायलाच गेल्तो की. अण्णांनीच धाडलं. चेष्टेच्या पानाचे खिळे अजून मोडले न्हवते, हितंच पडले होते, त्यातलं कुनीतरी..."

"कुणीतरी म्हणजे कोण? मशीन?"

"छापताना दिसलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"छापताना कोण वाचतं गं?" हे म्हणाले. "कागद सरळ जातो का, एवढंच बघायचं."

मामंजी आपल्या मेजाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच, देवळातल्या नंदीसारखा शांत. मला वाटलं, त्यांना धक्काच बसला असावा.

"मामंजी, आता काय करायचं?"

"काय करायचं? चूक असेल तर पुढच्या शनिवारी खुलासा."

"पण रंगपंचमी उद्या आहे."

"हो. ते आहे खरं," ते म्हणाले, आणि पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवून पाहिलं.

इतक्यात हलगीचा आवाज आमच्या गल्लीत शिरला आणि दारापाशी थांबला. दादासाहेब रणनवरे आत आले. गळ्यात जास्वंदीचा हार, कपाळभर गुलाल, टोपीवरसुद्धा गुलाल, आणि डोळ्यांत अंगार. ह्यांची नजर एकदम भिंतीकडं गेली. चेष्टेचं पान अजून तिथंच चिकटलेलं होतं. ह्यांनी झटकन अंगातला सदरा काढला आणि त्या पानाच्या वर भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला अडकवला. मग बनियनवर उभे राहून म्हणाले, "उकडतंय फार."

फाल्गुनातली सकाळ होती. जिवाजी खोकू लागला.

"अण्णा," दादासाहेब म्हणाले, "विहीर माझी, आई माझी, आणि मला पत्ता नाही. मी पूजेला बसलेलो. बायका आल्या, हार घातला, पाया पडल्या. एक म्हातारी रडली. बाहेर हलगी वाजतीय. मी काय समजायचं? आणि आमची मंडळी आतनं येऊन त्यांना गूळपाणी देऊन मोकळी झाली."

"बसा," मामंजी म्हणाले.

"बसत नाही. हे मी कधी बोललो, सांगा."

"आमच्याकडं चूक झाली, तर त्याच जागी खुलासा देतो. तुम्हाला रिवाज ठाऊक आहे. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." मामंजींनी कागद पुढं ओढला. "हं."

"लिहा," दादासाहेब म्हणाले. "आमची विहीर... खुली करण्याचा आमचा काही विचार नाही."

मामंजींनी लिहिलं, आणि सावकाश, एकेक शब्द निवडत वाचलं. "'मातोश्री कै. चंद्रभागाबाई यांच्या स्मरणार्थ कुंभारआळीस पाणी देण्याचा आपला कोणताही विचार नाही, असे श्री. दादासाहेब रणनवरे कळवितात.' ठीक?"

दादासाहेबांनी गळ्यातला हार एका बाजूनं ओढला. "आईचं नाव काढा त्यातनं."

"नाव आजच्या अंकात आलंय. खुलाशात नसेल तर लोकांना कळणार कसं, कशाचा खुलासा?"

"मग 'पाणी देण्याचा विचार नाही' हे नको."

"मग काय घालू?"

दादासाहेब इकडंतिकडं बघू लागले, आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"सूनबाई, तुम्ही खोटं बोलत नाही, हे गावाला ठाऊक आहे. ह्या तिघांवर माझा भरवसा नाही. तुम्ही सांगा. ही बातमी आली कुठनं?"

हे सदऱ्याला पाठ लावून उभे होते. जिवाजीचा खोकला थांबला. नगरपालिकेची सगळी छपाई आमच्याकडं होती. शिमग्याच्या थट्टेतून आली असं म्हटलं, तर ती जाणार, आणि जिवाजीची नोकरीही जाणार. ठाऊक नाही म्हटलं, तर माझा नेम जाणार. आणि काहीही म्हटलं तरी, मला त्या बायका टेकडी चढताना दिसत होत्या.

मी मनात महादेवाचं नाव घेतलं आणि पदर सारखा केला.

"दादासाहेब, तुम्ही विचारलंत तर मी खरंच सांगेन. पण आधी माझी एक अडचण ऐकाल का?"

"बोला."

"आज सकाळी ही बातमी त्या बायकांना मीच वाचून दाखवली. माझ्या तोंडून ऐकली म्हणून त्यांनी खरी मानली. उद्या विहिरीला कुलूपच असेल, तर मी खोटं बोलले असं होईल. माझा वर्षाचा नेम आज सकाळीच मोडला असं होईल. मग तुम्ही विचाराल ते सगळं मी सांगते, मला काय राखायचं आहे? पण बातमी उद्याची आहे. उद्या आठ वाजेपर्यंत ती खरीही नाही आणि खोटीही नाही. तेवढं थांबाल का? उद्या फाटक उघडलं नाही, तर मी स्वतः टेकडीवर जाऊन रखमाबाईला सांगेन, की मी खोटं वाचलं. आणि मग तुमच्या दारी येऊन तुम्हाला सांगेन, बातमी कुठून आली ते."

बाहेर हलगीवाला उगीच एक थाप मारून थांबला.

"म्हणजे तुमचा नेम मी मोडायचा," दादासाहेब म्हणाले.

"किंवा राखायचा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

त्यांनी मेजावरचा पेपर उचलला, शेवटचं पान पुन्हा वाचलं. ओठ हलवत. एका जागी ते जरा थांबले.

"सगळं गाव तिला थोरल्या बाई म्हणायचं," ते म्हणाले. "चंद्रभागा हे नाव कितीतरी वर्षांत कुणी काढलं नव्हतं." मग पेपराची घडी करून खिशात घातली आणि जाता जाता ह्यांच्याकडं बघितलं. "सदरा घाला. सर्दी होईल."

रंगपंचमीला मी नदीवरून आले, महादेवावर पाणी घातलं आणि चहा न घेताच मळ्याकडं निघाले. फाटकाला कुलूप होतं. बायका रिकाम्या घागरी घेऊन कुंपणालगत रांगेत उभ्या होत्या, पोरं त्यांच्या पायांत घुटमळत होती. पोरांच्या मुठीत रंगाच्या पुड्या. कुंभारआळीची रंगपंचमी कोरडीच व्हायची. प्यायच्या पाण्यात रंग कोण कालवणार? पोरं एकमेकांना चिमूटभर रंग फासायची आणि झाली पंचमी.

देवळातली आठाची घंटा झाली. फाटक बंदच. रखमाबाई माझ्याकडं बघत होती, मी जमिनीकडं. मनात वाक्य जुळवत होते. रखमाबाई, काल मी वाचलं ते...

"सायेब आलं," कुणीतरी म्हणालं.

दादासाहेब पांढरंशुभ्र धोतर नेसून येत होते, आणि त्यांच्या पुढं दोन पावलं त्यांच्या मंडळी, वत्सलाबाई. किल्ली वत्सलाबाईंच्या हातात होती. इतक्या वर्षांचं कुलूप उघडेना. वत्सलाबाईंनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. तयारीनंच आल्या होत्या.

विहिरीपाशी दादासाहेबांनी घागर सोडली आणि दोर ओढायला सुरुवात केली. इंजिनानं पाणी उपसायची सवय असलेला माणूस. घागर अर्ध्यावर आली आणि दोर निसटला. धबकन आवाज झाला. पोरं खिदळली. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा निसटली. या वेळी तळहात सोलला.

"व्हा बाजूला," वत्सलाबाई म्हणाल्या. "सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी इथं उभं केलं होतं." पदर खोचला आणि सरसर घागर वर काढली, डुचमळलीसुद्धा नाही. ती त्यांनी रखमाबाईच्या घागरीत ओतली.

रखमाबाईनं आधी ओंजळ भरून पाणी विहिरीच्या कठड्यावर सोडलं आणि हात जोडले. मग तिच्या नातवानं काय केलं, तर मुठीतली गुलाबी पुडी सरळ तिच्या भरल्या घागरीत रिकामी केली.

"मुडद्या, पेयाचं पानी," ती ओरडली. मग स्वतःच थांबली. विहिरीकडं बघितलं, दुसऱ्या घागरीसाठी पुन्हा दोर सोडणाऱ्या वत्सलाबाईंकडं बघितलं, आणि हसायला लागली. "आता झालंच हाय, तर सायेब, पंचिम हाय म्हनून..." आणि सगळी घागर दादासाहेबांच्या अंगावर.

ते जागच्या जागी उभे राहिले. टोपीतून गुलाबी पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्यांनी तोंडावरून हात फिरवला, बोटं पाहिली, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, राहिला का नेम?"

"राहिला, दादासाहेब."

"मग आता बातमी कुठनं आली ते मला सांगू नका. मला ऐकायचंच नाही."

मी घरी आले तेव्हा माझंही लुगडं गुलाबी झालं होतं. घरातल्या पुरुषांना आंघोळीसाठी गरम पाणी हवं होतं, म्हणून बंब पेटवायला कागद शोधत मशीनच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचं चेष्टेचं पान काढलं. कुणी ते पाहण्याआधी जळालेलं बरं. पण जाळायच्या आधी, देव क्षमा करो, मी विहिरीची बातमी वाचली.

त्यात रंगपंचमी नव्हती. 'पुढील जन्मीच्या शिमग्यापासून' असं होतं. चंद्रभागाबाईंचं नाव नव्हतं, आईचा उल्लेखच नव्हता. आणि शेवटी एक ओळ होती: 'घागर ओढताना श्री. रणनवरे यांचे धोतर सुटल्यास ते नेसविण्याचा ठराव नगरपालिकेने एकमताने संमत केला आहे.'

भोक बुजवायला कुणी चुकून हे खिळे उचलून बसवले असते, तर जसेच्या तसे छापले गेले असते. चुकून झालेल्या गोष्टीचं कुणी मुद्रितशोधन करत नाही.

मग मला शुक्रवारची दुपार आठवली. मामंजींनी दोघांनाही घाईनं जेवायला धाडलं होतं आणि स्वतः मात्र उशिरा आले होते. पानावर बसण्याआधी मी त्यांच्या हातावर पाणी घातलं, तेव्हा त्यांची बोटं शाईनं काळी होती. मामंजींनी हयात काढली होती छापखान्यात. सुरुवात त्यांनीही खिळे जुळवण्यातूनच केली होती.

मी ते पान घेऊन त्यांच्या मेजापाशी गेले. ते लिहीत होते. मी पान समोर ठेवलं. त्यांनी पाहिलं, मग चष्मा काढून पुसू लागले.

"सूनबाई, तुझा तो नेम किती दिवस आहे अजून?"

"संक्रांतीपर्यंत, मामंजी."

"तोवर मला काही विचारू नकोस."

"आणि मला कुणी विचारलं तर?"

"तू म्हणशील ठाऊक नाही."

"तसं नाही म्हणता येणार, मामंजी."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मग बंब पेटव लवकर," ते म्हणाले. "आणि जाण्याआधी हे वाचून बघ. पुढच्या शनिवारचा खुलासा आहे. त्याच पानावर, त्याच जागी. आपल्या पेपरात चूक राहता कामा नये."

मी कागद हातात घेतला. त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं:

'गेल्या अंकात विहिरीच्या बातमीत पहिली घागर श्री. दादासाहेब रणनवरे काढतील, असे छापले गेले होते. प्रत्यक्षात ती सौ. वत्सलाबाई रणनवरे यांनी काढली. या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'